स्टर्जनवाल्या बाईची मुदत

सिग्ने होव्हलंडला एका जागी बसवत नसे. बैठकीला गेली तरी खुर्चीच्या कडेवर टेकायची, कोट अंगातच. जेवणही बहुधा उभ्याउभ्याच. एल्डर फॉल्सच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकवायला लागून तिला पाचवं वर्ष चालू होतं, आणि येताना आणलेल्या खोक्यांतली निम्मी खोकी अजून भाड्याच्या घरात भिंतीला लागून पडलेली होती. शेजारची बाई म्हणायची, "अगं, निदान पडदे तरी लाव. सगळा रस्ता तुझं जेवण बघतो." सिग्ने हसून म्हणायची, "राहायचं ठरलं की लावीन."

राहायचं की नाही हे ठरवणं मात्र तिच्या हातात नव्हतं. नव्या प्राध्यापकाला सहा वर्षांची मुदत, असा विद्यापीठाचा जुना नियम होता. सहाव्या वर्षी त्याचं सगळं काम आधी खात्यातले ज्येष्ठ बघणार, मग विद्यापीठाची समिती, मग डीन. पसंत पडलं तर जन्मभराची नोकरी. नाही पडलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चंबूगबाळं आवरायचं. मधलं काही नाही.

त्यात बाईनं संशोधनाला निवडला होता स्टर्जन. हा मासा माणसाएवढा लांब, पाठीवर चिलखतासारखे खवले, आणि घाई म्हणून ठाऊक नाही. त्याची मादी पंचविशीला आल्यावर कुठे पहिल्यांदा अंडी घालते, आणि त्यानंतर चारपाच वर्षांतून एकदाच तळ्यातून नदीत चढते. नर बिचारे एकदोन वर्षांआड येतात, पण सिग्नेला नरांचं फारसं कौतुक नव्हतं. मादी दर खेपेला त्याच खडकांवर परत येते का, हे तिला बघायचं होतं. पहिल्या वसंतात तिनं माद्यांच्या पाठीत खुणेची बारीक चकती बसवली होती. त्या एकदा परत येईपर्यंत तिची मुदत संपत आली असती. आणि एकदा आली म्हणजे सवयीनं आली, असं कुणी म्हणू शकत नाही. दुसऱ्यांदा यायला हवी.

घरी दुसरंच गणित होतं. नवरा, एमेट, गाडीनं पाच तासांवर सुपीरियर सरोवराकाठच्या गोदीत वेल्डर होता. लोखंडाची माती वाहणारी मोठमोठी जहाजं हिवाळ्यात सरोवर गोठलं की गोदीत येतात, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसायची. आणि वसंतात त्याला फुरसत मिळाली की सिग्ने गुडघाभर पाण्यात. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण सलग पंधरवडा दोघं एका छपराखाली राहिलेली नव्हती. अर्ध्या वाटेवरच्या एका खानावळीत भेटायची, चेरी भरलेली गोड पाई खायची, कॉफी प्यायची, आणि आपापल्या दिशेला गाड्या वळवायची.

"सहा वर्षं म्हणालीस ना? ठीक आहे," एमेट सुरुवातीलाच म्हणाला होता. "सहापर्यंत मला मोजता येतं. तू कायम झालीस की मी गोदी सोडून येतो. त्याच्या पुढचे आकडे मला शिकवू नकोस."

पाचव्या वर्षाच्या शरदात डीन लोरेन विटकोव्ह यांनी समिती नेमली. सहा वर्षांची मुदत आता पुरत नाही, ती नऊ करावी का, यावर समितीनं वसंतात मत द्यायचं होतं. प्रयोगशाळा उभी करण्यातच दोन वर्षं जातात, पैसे मिळवायला आणखी दोन, असं रसायनशास्त्राचे प्रमुख कधीपासून कंठशोष करत होते. समितीवर एक नवा प्राध्यापक हवा होता. डीनबाईंना लगेच सिग्ने आठवली. नऊ वर्षांची गरज स्टर्जनवाल्या बाईपेक्षा जास्त कुणाला?

पहिल्या बैठकीला सिग्नेनं मान डोलावली आणि नऊच्या बाजूनं चांगलं बोललीसुद्धा. तिथून बाहेर पडली आणि गाडीत बसून किल्ली न फिरवता तशीच राहिली. आज संध्याकाळी एमेटला काय सांगायचं? तिनं काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, बैठक झाली.

समितीवर एकच माणूस उघडपणे नऊच्या विरोधात होता, इतिहासाचे बर्नार्ड कॉप. सत्तरीकडे झुकलेले, केस पिंजारलेले, आणि समोरच्याला आडनावानं हाक मारून टोचायची सवय. सिग्नेला ते कधी होव्हलंड म्हणत, खोड काढायची असली की होव्हलंडबाई.

"तुम्हाला काय बर्नार्ड, तुम्ही चार वर्षांत कायम झालात," रसायनवाले म्हणाले. "तो काळ गेला."

"काळ गेला, पण पाठीचा कणा तोच आहे," कॉप म्हणाले. "कायम होईपर्यंत माणूस वाकून चालतो. ज्येष्ठांच्या विनोदाला हसतो, नको त्या समितीला हो म्हणतो, मनातलं बोलत नाही. सहा वर्षं वाकला तर सरळ होतो पुन्हा. नऊ वर्षं वाकलेला पुढे नोकरी पक्की झाली तरी वाकलेलाच राहील. मग ती पक्की नोकरी कशाला हवी? मनातलं बोलता यावं म्हणूनच होती ना?"

सिग्नेला हे लागलं. नऊच्या बाजूनं ती पहिल्या दिवशी बोलली, ते स्वतःचं मत म्हणून, की डीनबाईंना बरं वाटावं म्हणून? तिला छातीठोक सांगता येईना.

मग तिनं नव्या प्राध्यापकांना एकेकट्यानं गाठायला सुरुवात केली. कुणाला जिन्यात, कुणाला वाहनतळावर, कुणाला किराणा दुकानात चीजच्या फळीपुढे. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. पुस्तक लिहिणारा एकजण म्हणाला, नऊ द्या, देव समजून पाया पडतो. दुसरा म्हणाला, म्हणजे नऊ वर्षं घर विकत घ्यायचं नाही? गणितातली ओडेसा पार्कहर्स्ट तर चिडलीच. ओडेसा एकतिशीची, बोलायला फटकळ.

"नऊ वर्षांनी हाकललं तर मी चाळिशीला आलेली असेन," ती म्हणाली. "तेव्हा मला कोण घेणार? गणितात पस्तिशीनंतर माणसाकडे बघतसुद्धा नाहीत. मला तर तीन वर्षांतच सांगून टाका. नाही म्हणायचं तर आत्ता म्हणा. झुलवत कशाला ठेवायचं?"

"पण काम पुरं झालं नसेल तर?"

"सिग्ने, काम कुणाचं कधी पुरं झालंय? आधी तुझ्या माशाला विचार."

हिवाळा असा गेला. सिग्ने रात्री एका मताची होऊन झोपायची आणि सकाळी दुसऱ्या मताची होऊन उठायची. वजन उतरलं. वर्गातली मुलं एकमेकांत म्हणायला लागली, बाई आज खिडकीकडे किती वेळा गेल्या, पैज लावा.

मत द्यायचा दिवस एप्रिलच्या शेवटी आला, आणि त्याच दिवशी मासे आले. स्टर्जन कुणाला विचारून येत नाहीत, पाणी हवं तेवढं कोमट झालं की येतात. सकाळी नदीकाठच्या खडकांवर शेपट्या आपटत होत्या, गावातले लोक मुलांना घेऊन बघायला जमले होते. सिग्ने आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर पाण्यात उतरून एकेका माशाच्या पाठीवर यंत्र फिरवत होती. खुणेच्या नरांची रांग लागली होती. माद्या अगदी थोड्या. पहिल्या वसंतातल्या म्हणाव्या तर बोटांवर मोजण्याइतक्या. काम सोडून जायची वेळ नव्हती, आणि न जायचीही सोय नव्हती. ती रबरी विजारीवरच गाडीत बसली आणि तशीच बैठकीला पोचली.

"होव्हलंडबाई," कॉप नाक मुरडून म्हणाले, "तुमचा मासा तुमच्या आधी आत आला."

सगळे हसले. सिग्ने हसली नाही. मोजणी झाली तेव्हा निम्मे नऊच्या बाजूला आणि निम्मे विरोधात निघाले. राहिली एकटी सिग्ने. डीनबाई तिच्याकडे बघून गोड हसल्या, जणू उत्तर ठरलेलंच आहे.

"माझ्या माशाला नऊ वर्षं हवीत," सिग्ने म्हणाली. "मला नकोत. माझा नवरा पाच तासांवर राहतो. सहा वर्षं थांब म्हणून मी त्याला सांगितलंय. नऊ केलीत तर मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

डीनबाई हळूच म्हणाल्या, "सिग्ने, हा तुझा खाजगी प्रश्न झाला."

"मुदत खाजगीच असते, लोरेन. तुम्ही आम्हाला वर्षं देता म्हणता, ती कुठून आणून देता? आमच्याच आयुष्यातून काढून आम्हाला देता. मग निदान किती काढायची ते ज्याचं त्याला ठरवू द्या. सहा सगळ्यांना. ज्याला जास्त हवीत त्यानं मागावीत, दोन वर्षं आणखी. कुणावर सक्ती नको."

बरीच घासाघीस झाली. शेवटी तेच ठरलं. सहा सर्वांची, मागणाऱ्याला आठ. उन्हाळ्यापूर्वी प्राध्यापकांच्या सभेनंही ते मान्य केलं. लोक सिग्नेचा हात हातात घेऊन आभार मानायला लागले. ओडेसानं तिला मिठी मारली. कॉप मात्र जाताजाता पुटपुटले, "निवड दिलीत खरी, होव्हलंड. आता ती निवडणाऱ्याच्या मानगुटीवर बसेल."

ती पहिल्यांदा सिग्नेच्याच मानगुटीवर बसली. पाचव्या वर्षात असलेल्यांनी सप्टेंबरपर्यंत कळवायचं होतं. जूनमध्ये ती आणि एमेट त्या खानावळीत भेटली. बाहेर ऊन होतं, आत चेरीच्या पाईचा वास.

"मग? किती?" एमेटनं विचारलं.

"मी ठरवायचंय."

"अरे देवा." त्यानं काटा खाली ठेवला. "आजपर्यंत दुसरा कुणी ठरवत होता, तेव्हा शिव्या द्यायला कुणीतरी होतं. आता मी कुणाला देऊ?"

"तू सांग ना. तू म्हणशील ते करते."

"छे! हे माझ्या डोक्यावर फोडू नकोस. मी सहा म्हणालो आणि तू पडलीस, की जन्मभर माझ्या नावानं खडे फोडशील. आठ म्हणालो तर मीच फोडीन."

"माद्या यायच्यात अजून, एमेट. आता कुठे पाचसहा परत आल्यात. एवढ्यावर मी काय लिहू?"

"आणि नर?"

"नर ढिगानं आलेत."

"मग नरांवर लिही. आमच्यावरही कुणीतरी लिहायला हवंच."

ती हसली आणि हसताहसता डोळे पुसायला लागली. वाढणारी बाई कॉफी घेऊन आली होती, ती तशीच परत वळली.

सिग्नेनं शेवटी सहा घेतली. एमेटसाठी, असं तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि ते पुरतं खरंही नव्हतं. आणखी दोन वर्षं या अधांतरी अवस्थेत काढणं तिला नको होतं. जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, एवढंच तिला वाटत होतं. नरांवरचे तिचे लेख चांगले निघाले होते. माद्यांबद्दल तिनं प्रामाणिकपणे लिहिलं की काम चालू आहे.

त्या शरदापासून तिची पारख सुरू झाली. खात्यानं एका मताच्या फरकानं तिला पुढे पाठवलं. एकाच मताचा फरक का, हे कुणी सांगितलं नाही. तिला आत बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, ही सगळी कामं बंद दारामागची. ती वाट बघत राहिली. हिवाळ्यात तळं गोठलं, बर्फावर भोकं पाडून भाल्यानं स्टर्जन मारणाऱ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, तशी ती तिथे जाऊन मारलेल्या माशांच्या खुणा तपासायला लागली. एरवी विद्यार्थ्यांना धाडलं असतं. पण घरात बसून फोनकडे बघणं तिला जमत नव्हतं. ओळखीचे म्हातारे झोपडीत बोलवायचे, ब्रँडी पुढे करायचे, विचारायचे, "मग काय बाई, ठेवतायत का तुम्हाला?" ती म्हणायची, "अजून विचार चाललाय त्यांचा." ते म्हणायचे, "एवढा विचार तर आम्ही लग्नाला केला नाही."

मार्चमध्ये डीनबाईंचा फोन आला. कायम झाली होती. सिग्नेनं आभार मानले, फोन ठेवला आणि कोट न घालता बाहेर पडून वाहनतळाला दोन फेऱ्या मारल्या. मग एमेटला फोन लावला. तो कुठल्याशा जहाजाच्या पोटात होता, मागे घणांचा दणदणाट.

"झालं!" ती ओरडली.

"काय? कुणाला काय झालं?"

"मी झाले! कायम!"

"कोण गायब?"

"कायम रे मुडद्या! कायम!"

मग पलीकडचे घण थांबले. त्यानं इतरांना हात थांबवायला सांगितलं असावं. तो म्हणाला, "बरं झालं. सातचा आकडा माझ्या तोंडाशीच आला होता."

आत काय घडलं ते तिला महिनाभरानं कळलं. एका शुक्रवारी कॉपनी तिला गावाबाहेरच्या सपर क्लबात, म्हणजे रात्रीच्या जुन्या खानावळीत, तळलेल्या माशाच्या जेवणाला बोलावलं. विद्यापीठाच्या समितीवर ते होते. दोन घोट झाल्यावर एकेरीवर येत म्हणाले, "हे मी तुला सांगितलेलं नाही."

"नाही सांगितलंत."

"तू थोडक्यात बचावलीस. तुझं काम वाईट नव्हतं, सहा वर्षांच्या मानानं उत्तमच होतं. पण एकानं हात वर केला आणि म्हणाला, बाईंना आठ घेता येत होती, नियम तर यांनीच करवून घेतला. मग अर्धं काम घेऊन आमच्यापुढे का आल्या? दोघातिघांनी माना डोलावल्या."

सिग्नेच्या हातातला घास हातातच राहिला.

"तरी मी म्हटलं होतं," कॉप लिंबू पिळत म्हणाले. "जास्त वेळ मिळण्याची सोय झाली की कमी वेळ घेणारा गुन्हेगार ठरतो. मी त्यांना म्हटलं, हिनं सहा घेतली, तर सहाच्या मापानं मोजा. आठची फूटपट्टी लावायची असेल तर सहा हा शब्दच नियमातून खोडा. तासभर भांडलो. माझा या बाईच्या नियमाला विरोध होता, असं सांगून भांडलो, म्हणून ऐकलं त्यांनी."

"बर्नार्ड, मी तुमचे..."

"आभार नकोत. मासा निवतोय."

एमेट त्या उन्हाळ्यात आला. जवळच्या ग्रीन बे शहराच्या गोदीत काम मिळालं, येऊनजाऊन करण्यासारखं. पडदे लागले, खोकी उघडली. पण पहिले सहा महिने दोघं कडाकडा भांडली. रोज भेटायची सवयच नव्हती. भेटीचे दोन दिवस गोड बोलून काढायची विद्या दोघांना अवगत होती, तिसऱ्या दिवशी काय बोलायचं ते कुणालाच येत नव्हतं. एमेटला घर लहान वाटायचं, सिग्नेला तो सगळीकडे आडवा आल्यासारखा वाटायचा. एकदा तर तो रागारागानं गाडी घेऊन निघाला, सवयीनं त्या अर्ध्या वाटेवरच्या खानावळीपर्यंत गेला आणि तिथून फोन करून म्हणाला, "येतेस? मला तुझ्याशी बोलायचंय." ती गेली. तिथे दोघांचं चांगलं जमलं.

नियमाचं काय झालं ते सांगायला हवं. दोनतीन वर्षांत जवळपास सगळेच आठ मागायला लागले. कुणी गरज म्हणून, बरेचसे भीतीनं. ओडेसानं सहाच घेतली, हट्टानं. तिला नाकारलं. तोपर्यंत कॉप निवृत्त झालेले, समितीत भांडायला कुणी नव्हतं. कारण म्हणून कळलं ते एवढंच, की घाई केली. ओडेसा ओरेगॉनला एका विम्याच्या कंपनीत गेली. जायच्या दिवशी सिग्ने तिला सामान भरू लागली. ओडेसा म्हणाली, "तोंड पाडू नकोस. मला लवकर कळायला हवं होतं, लवकर कळलं." पण सिग्नेला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती डीनबाईंच्या दारात उभी. नियमात एक ओळ घाला म्हणाली. किती वर्षं घेतली यावरून कुणाला तोलायचं नाही, घेतलेल्या वर्षांच्या मापानंच काम बघायचं, आणि विरुद्ध बोलणाऱ्याला सभापतीनं तिथल्या तिथे थांबवायचं. डीनबाई म्हणाल्या, असं लिहून माणसांची मनं बदलतात का? सिग्ने म्हणाली, मनं राहू देत, तोंडं तरी बंद होतील. दीड वर्ष तिनं तो विषय सोडला नाही. तिला बघून लोक वाट बदलायला लागले. शेवटी ती ओळ नियमात आली. ती पाळली जाते की नाही हे तिला आजही नक्की ठाऊक नाही. समितीची पाळी तिच्यावर आली की ती स्वतः भांडते. इतर वर्षी दार बंदच असतं.

मागच्या शरदात खात्यात एक नवा प्राध्यापक आला, डेलबर्ट सॉयर, शिंपल्यांवर काम करणारा. शिंपलेही सावकाश वाढतात. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला नदीकाठी गाठलं.

"सिग्ने, नियम तुमचाच आहे म्हणतात. मी सहा घेऊ की आठ?"

सिग्ने पाण्यातून बाहेर आली. हातमोजे काढले, पिळले, पुन्हा घातले.

"तुझी कुणी वाट बघतंय का कुठे?" तिनं विचारलं.

तो जरा गोंधळला. "आई आहे ओमाहाला. एकटीच असते. का?"

"मग आधी तिला फोन कर," सिग्ने म्हणाली. "शिंपल्यांचं आपण मागाहून बघू."